मुलगा हा वडिलांचा प्रकार नसतो

मंडळी, बरेच दिवस इथे काही लिहिलं नव्हतं. आधी मोतीबिंदूचं ऑपरेशन, मग पाऊस, मग पाहुणे. पण आज रागावले आहे, आणि राग आला की लिहायला बसल्याशिवाय मला चैन पडत नाही, हे आमच्या घरातल्यांना चांगलं ठाऊक आहे. विषय कॉम्प्युटरचा आहे. तरी नेहमीच्या वाचकांनी (म्हणजे माझ्या दोन्ही जावा, भाचेमंडळी आणि ब्लॉगवरचे जुने सोबती) लगेच पान बंद करू नये. जमेल तितकं सोपं करून सांगते. तेहतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं आहे, एवढं जमायला हरकत नाही.

झालं असं, की आमची नात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या महिन्यात तिची तोंडी परीक्षा झाली. परीक्षकांनी विचारलं, "इनहेरिटन्सचं उदाहरण सांग." पोरगी म्हणाली, "सर, जावा भाषेत स्टॅक हा व्हेक्टरपासून इनहेरिट केलाय, पण ते चुकीचं उदाहरण आहे. का ते सांगू का?" सर म्हणाले, "पुस्तकात काय दिलंय?" ही गप्प. सर म्हणाले, "डॉग इज अ‍ॅन अ‍ॅनिमल. कॅट इज अ‍ॅन अ‍ॅनिमल. नेक्स्ट." पंचवीसपैकी अकरा मार्क!

घरी येऊन पोरगी जेवली नाही. मी कारण विचारलं, तिने सांगितलं, आणि मग मीही नीट जेवले नाही. कारण ती बरोबर होती. पूर्णपणे बरोबर होती.

आता "तुम्हाला काय कळतं यातलं?" हा प्रश्न येणार, म्हणून आधीच सांगते. मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेली बाई. कॉम्प्युटर हातात आला तो निवृत्तीच्या सुमारास, तोही या ब्लॉगपायी. पण २०२० साली सगळे घरात कोंडले गेलो तेव्हा पुण्याच्या भाच्याने व्हिडिओ कॉलवरून मला पायथॉन शिकवायला घेतलं. त्याला वाटलं मावशी आठवड्यात कंटाळेल. मावशी कंटाळली नाही. गेली काही वर्षं मी माझ्या माहेरच्या गावातले शब्द गोळा करते आहे, आणि ते शब्द वाक्यात नीट चालवून दाखवणारा एक प्रोग्रॅम लिहिते आहे. मोडतोड करत, शिव्या घालत, पण लिहिते आहे. तेव्हा थोडंफार कळतं.

ज्यांना अजिबात ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. या पद्धतीच्या प्रोग्रॅममध्ये 'क्लास' नावाचे साचे असतात, मोदकाच्या साच्यासारखे, आणि त्यांतून वस्तू काढायच्या असतात. प्रत्येक साचा नव्याने कोरायला नको म्हणून "त्या साच्यातलं सगळं घे आणि वर एवढं वाढव" असं सांगायची सोय असते. तिचं नाव इनहेरिटन्स. मराठी पुस्तकं तिला 'वारसा' म्हणतात. सोय चांगली आहे. माझं भांडण सोयीशी नाही, ती ज्या तऱ्हेने शिकवतात तिच्याशी आहे.

नातीचं उदाहरण घ्या. स्टॅक म्हणजे लग्नातल्या ताटांची चळत. ताट ठेवायचं ते वर, काढायचं तेही वरूनच. मधलं ताट ओढलंत तर काय होतं ते सगळ्यांनी एकदा तरी अनुभवलेलं असतं. व्हेक्टर म्हणजे नुसती यादी. तिच्यात कुठेही घाला, कुठूनही काढा. जावा करणाऱ्यांनी चळतीचा साचा यादीच्या साच्यापासून बनवला, कारण आतलं काम आयतं मिळत होतं. पण वारसा घेतला म्हणजे सगळाच घेतला. त्यामुळे जावातल्या चळतीत मधलं ताट ओढताही येतं आणि मध्ये खुपसताही येतं! मग ती चळत कसली? जोशुआ ब्लॉक हे स्वतः जावाच्या कामात असलेले गृहस्थ. त्यांनी २००१ सालच्या आपल्या पुस्तकात ही चूक म्हणूनच दाखवली आहे. जावाच्या अधिकृत कागदपत्रांतही आज "हा स्टॅक न वापरता डेक वापरा" असा सल्ला आहे. पण काढून टाकता येत नाही, कारण जुने प्रोग्रॅम त्यावर उभे आहेत. एकोणीस वर्षांची मुलगी हे समजून सांगत होती आणि तिला कुत्र्यामांजरांकडे परत हाकललं.

बरं, कुत्रा-मांजर तरी परवडलं. नातीच्या वहीत दुसरं उदाहरण आहे ते वाचून मी कपाळावर हात मारला. "जशी वडिलांची संपत्ती मुलाला मिळते, तसे पॅरेंट क्लासचे गुण चाइल्ड क्लासला मिळतात."

अहो, मुलगा हा वडिलांचा प्रकार असतो का? कुत्रा हा प्राण्याचा प्रकार आहे, हे ठीक. जिथे 'कोणताही प्राणी' चालतो तिथे कुत्रा चालला पाहिजे, ही या साच्यांमधली खरी अट आहे. बार्बरा लिस्कोव्ह या बाईंनी ती १९८७ च्या एका भाषणात मांडली आणि पुढे जॅनेट विंग यांच्याबरोबर १९९४ मध्ये काटेकोरपणे लिहिली. आता जिथे वडील चालतात तिथे मुलगा चालतो का? वडिलांच्या पेन्शनला मुलाची सही चालते का? वारसा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सातबारा येतो, वाटण्या येतात, कोर्ट येतं. आणि वारसा मिळतो तो वडील गेल्यावर. साच्यांच्या जगात कोणी मरत नाही, काही वाटलं जात नाही. उलट वडील जिवंत असतात आणि हात चालवत असतात. त्यांनी गावाकडच्या घरातली एक भिंत हलवली, की पुण्यातल्या मुलाच्या फ्लॅटचं दार उघडेनासं होतं. वरच्या साच्यात कोणी चांगल्या हेतूने बदल केला आणि खालचे दहा साचे मोडले, हा यातला रोजचा त्रास आहे. तो 'संपत्ती मिळते' या वाक्यातून मुलांना कसा कळावा?

मुळात ही कल्पना निघाली तेव्हा वारशाची भाषाच नव्हती, आणि हे मला कळलं तेव्हा फार आनंद झाला. १९६७ साली नॉर्वेत, ऑस्लोला, ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नीगार्ड यांनी सिम्युला ६७ ही भाषा केली. त्यात एका साच्याच्या नावापुढे दुसऱ्या साच्याचं नाव जोडून लिहायचं. त्याला त्यांनी नाव दिलं होतं 'प्रीफिक्स', म्हणजे आपला उपसर्ग! हार या शब्दाला उपसर्ग लावून प्रहार, आहार, विहार करतो तसं. आणि त्या भाषेबरोबर मिळणाऱ्या सामानात तो उपसर्ग कशाला लावला होता? रांगेत उभं राहता येण्याचा जो साचा होता, 'लिंक' नावाचा, तो 'प्रोसेस' या साच्याला लावला होता. म्हणजे टपालकचेरीतलं गिऱ्हाईक असो नाहीतर नाक्यावरचा ट्रक असो, त्याला रांगेत उभं राहता आलं पाहिजे. रांगेत उभं राहणं हे काही कोणाचं कुळ नव्हे, तो एक गुण आहे. सुरुवातीच्या माणसांना 'याला काय करता आलं पाहिजे' हे हवं होतं. 'हा कोणाचा कोण' हे नंतर पुस्तकवाल्यांनी चिकटवलं.

गावातल्या शाळेत नोकरीला लागले तेव्हा नवं पोर वर्गात आलं की पहिला प्रश्न ठरलेला असे, "कोणाचा रे तू?" सुताराचा म्हटलं की हात चांगला असणार, वाण्याचा म्हटलं की हिशेब येणार, आणि काही मुलांच्या बाबतीत तर काही येणारच नाही असं गृहीत. मीही हे केलं आहे, नाही म्हणत नाही. पुढे शिकवता शिकवता कळलं, की विचारायचं ते "तुला काय येतं?" साच्यांच्या बाबतीतही मला हेच वाटतं, आणि पाठ्यपुस्तकं पहिल्याच धड्यात मुलांना "कोणाचा रे तू?" शिकवतात म्हणून मला चीड येते.

आता मिक्सिनकडे येते. हा शब्द आला आइस्क्रीमच्या दुकानातून! अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या सॉमरव्हिल गावात स्टीव्ह हेरेल यांनी १९७३ साली दुकान काढलं. गिऱ्हाईक सांगेल ते, म्हणजे बिस्किटांचा चुरा, दाणे, चॉकलेटचे तुकडे, आइस्क्रीममध्ये कालवून द्यायचे. त्या कालवायच्या वस्तूंना तिथे मिक्सिन म्हणत. जवळच एमआयटीत लिस्प मशीनवर काम करणारी मंडळी होती. १९८० च्या आसपास त्यांनी 'फ्लेवर्स' नावाची पद्धत काढली, तिच्यातल्या सगळ्यांत मूळ साच्याला 'व्हॅनिला' म्हटलं, आणि एकट्याने काही कामाचे नसलेले पण दुसऱ्यात कालवता येतील असे छोटे साचे केले, त्यांना मिक्सिन म्हटलं. आपल्याकडे हे झालं असतं तर भेळेच्या गाडीवरून नाव आलं असतं.

कालवायचं का, तर ज्या गुणांना कुळ नाही ते गुण वंशावळीत कुठेच नीट बसत नाहीत. हे मला पुस्तकातून नाही कळलं. माझ्या प्रोग्रॅमने मला हे शिकवलं, आणि शिकवताना माझं एक जुनं पाप वर काढलं.

प्रोग्रॅम लिहायला घेतला तेव्हा मी अगदी खुशीत होते. शब्दांची वंशावळ मला तोंडपाठ! सगळ्यांच्या वर 'शब्द'. त्याची दोन मुलं, विकारी आणि अविकारी. विकारीची चार, नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद. अविकारीची चार अव्ययं. विकारीच्या साच्यात 'रूप' नावाचं काम लिहिलं. आ-कारान्त शब्द दिला की स्त्रीलिंगी ई-कारान्त करून देतो. काळा-काळी, मोठा-मोठी. छान चाललं. मग 'लाल' आला. विशेषण, म्हणून विकारी, पण बदलत नाही. मग लालसाठी वेगळा साचा करून लिहिलं, 'वडिलांकडून आलेलं रूप वापरू नकोस'. 'सुंदर', 'हुशार', 'गरीब' यांचीही तीच गत. वारसा नाकारणाऱ्यांची रांगच लागली. तरी मी म्हटलं, अपवाद आहेत, असू देत.

मग आला 'सारखा'. आपल्या शालेय व्याकरणात तो शब्दयोगी अव्यय. म्हणजे अविकारी. म्हणजे न बदलणारा. मी तसाच घातला, आणि प्रोग्रॅमने पडद्यावर छापलं, "आईसारखा मुलगी".

मी हसले, आणि मग हसू थांबलं. १९८७ च्या सुमाराची गोष्ट. नववीचा वर्ग. मी अव्ययं शिकवत होते. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, आईसारखी म्हणतो, बापासारखा म्हणतो, मग सारखा बदलतो की. मग अव्यय कसा?" वर्ग हसला. मी काय म्हणाले? मी म्हणाले, "पुस्तकात आहे तसं लिही. परीक्षेत मार्क जातील." तो बसला. नंतर त्या वर्षात त्याने मला एकही प्रश्न विचारला नाही. त्याचं उत्तर मला तेव्हा येत नव्हतं, आणि येत नाही असं सांगण्याची हिंमतही नव्हती.

उत्तर साधं आहे. शब्दांच्या आठ जातींची ही वाटणी मराठीला इंग्रजी व्याकरणाच्या नमुन्यावरून मिळाली. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं व्याकरण १८३६ चं. त्यांच्याबद्दल मला आदरच आहे, त्यांनी केलं म्हणून आपण व्याकरण शिकलो. पण लिंगानुसार बदलणं हा गुण मराठीत आठांपैकी एकाच खोलीत राहत नाही. तो काही विशेषणांत आहे, काहींत नाही. 'सारखा'मध्ये आहे. क्रियाविशेषणांतही आहे, 'तो चांगला गातो, ती चांगली गाते'. वंशावळीत तो कुठे ठेवाल? मी तो उचलून सगळ्यांत वर, 'शब्द'मध्येच ठेवून पाहिला. मग प्रोग्रॅम म्हणाला, "ती पुन्ही आली." आणि "जेव्ही ती आली." एका गुणासाठी आजोबांवर ओझं टाकलं की सगळ्या नातवंडांना ते वाहावं लागतं, गरज असो नसो.

तेव्हा भाचा म्हणाला, "मावशी, याला मिक्सिन कर." केला. 'लिंगवचनी' नावाचा एवढासा साचा, त्यात फक्त 'रूप'. काळा, मोठा यांच्यात कालवला. 'सारखा'त कालवला. गाण्यातल्या 'चांगला'त कालवला. लालला लावला नाही, पुन्हाला लावला नाही. सगळं जागेवर! (पायथॉनमध्ये साच्यांना देवनागरी नावं चालतात, हेही मला फार आवडलं. रूबी या भाषेत साच्याचं नाव कॅपिटल अक्षराने सुरू व्हावं लागतं, आणि आपल्या देवनागरीत कॅपिटल आणायचं कुठून?)

इथे लेख संपवला असता तर मिक्सिनवाल्यांना आनंद झाला असता. पण त्यांच्याशीही माझं भांडण आहे.

पुढच्याच आठवड्यात मी दुसरा मिक्सिन केला, 'सामान्यरूपी'. विभक्ती लागण्याआधी शब्द बदलतो ना, घोडा-घोड्या, काळा-काळ्या, त्यासाठी. आणि त्यातल्या कामालाही मी नाव दिलं 'रूप'. काळा या विशेषणाला दोन्ही हवेत, म्हणून दोन्ही कालवले. प्रोग्रॅमने छापलं, "काळ्या मांजर आली." एका रूपाने दुसरं रूप गिळलं होतं. आणि कॉम्प्युटर एका शब्दाने बोलला नाही! तक्रार नाही, इशारा नाही. भेळेत कांदा आधी घातला काय आणि शेव आधी घातली काय, फार फरक पडत नाही. इथे पडतो. पायथॉनमध्ये यादीत जो डावीकडे लिहिला तो जिंकतो. रूबीत जो नंतर कालवला तो जिंकतो.

दोन नियम एकाच जागी आले तर कोणाचं ऐकायचं, हा प्रश्न पाणिनीला पडला होता आणि त्याने त्यासाठी स्वतंत्र सूत्र लिहून ठेवलं. परंपरेने त्याचा अर्थ केला 'ग्रंथात नंतर येणारा नियम जिंकतो'. २०२२ मध्ये केंब्रिजच्या ऋषी राजपोपट यांनी म्हटलं, की नाही, 'शब्दाच्या उजव्या बाजूला लागू होणारा जिंकतो'. त्यावर विद्वानांचे वाद सुरू झाले. म्हणजे डावं, उजवं, आधीचं, नंतरचं यावर माणसं इतकी शतकं डोकं खाजवत आहेत, आणि आमचे तरुण मित्र म्हणतात, 'मिक्सिन घाला, प्रश्न मिटला'!

शिवाय "मिक्सिन म्हणजे इनहेरिटन्स नव्हे" हे जे ठासून सांगतात ना, ते धादांत खोटं आहे. पायथॉनमध्ये मिक्सिन लिहायचा तो त्याच कंसात, जिथे वडिलांचं नाव लिहितात तिथे. रूबीत कुठल्याही साच्याला त्याचे पूर्वज विचारा, कालवलेले मिक्सिन पूर्वजांच्या रांगेत उभे असतात. गिलाड ब्राखा आणि विल्यम कुक यांच्या १९९० च्या निबंधाच्या नावातच या दोन्ही गोष्टी एकत्र आहेत. तो वारसाच आहे, फक्त आडनाव न लावता घेतलेला. त्यामुळे वारशाचे रोग त्यालाही होतात. रिअ‍ॅक्टवाल्यांनी २०१६ मध्ये आपल्याच ब्लॉगवर मिक्सिन घातक आहेत असं लिहिलं, त्यांची कारणं वाचली तर माझी काळी मांजर त्यात सापडेल. नावांची टक्कर, आणि कोण कोणावर अवलंबून आहे ते वरून न दिसणं.

भाच्याशी यावरून फोनवर चांगलीच जुंपली. तो म्हणतो, "मावशी, तू टोकाला जातेस. पायथॉनमधल्या चुकांची वंशावळ बघ. 'फाइल सापडली नाही' ही चूक 'ऑपरेटिंग सिस्टिमची चूक' या साच्याखाली आहे. वरची पकडली की खालची आपोआप पकडली जाते. हे वाईट आहे का?" नाही, हे उत्तम आहे. फाइल न सापडणं हा खरोखरच त्या चुकीचा प्रकार आहे. तिथे कुळ खरं आहे, म्हणून वारसाही खरा आहे. मी कुठे म्हणते वारसा जाळून टाका? भाचा पुढे म्हणाला, "पण कंपनीत शंभर माणसं एका प्रोग्रॅमवर काम करतात, तिथे वर सगळं एका जागी असलेलं बरं पडतं." यावर माझ्याकडे उत्तर नाही. मी एकटीच शब्द चाळत बसते, मला शंभर माणसांचं काय ठाऊक. तो मुद्दा त्याचा.

मिक्सिनही चांगला असू शकतो. पायथॉनबरोबरच येणारा 'सीक्वेन्स' पाहा. तुम्ही फक्त दोन गोष्टी सांगायच्या, तुमच्याकडे किती वस्तू आहेत आणि अमुक क्रमांकाची कोणती. त्या बदल्यात तो पाच कामं देतो, एखादी वस्तू आहे का ते पाहणं, ओळीने फिरणं, उलटं फिरणं, क्रमांक शोधणं, मोजणं. रूबीत 'कम्पेरेबल' तसाच. दोन वस्तूंत लहानमोठं कसं ठरवायचं ते एकदा सांगा, बाकीच्या सगळ्या तुलना तो करतो. काय मागतो ते उघड, काय देतो ते उघड. बाकी बहुतेक मिक्सिन म्हणजे माळ्यावरचं गाठोडं असतं. कुठे ठेवायचं सुचलं नाही, म्हणून वर फेकलं.

आणि टक्कर झाली तर? २००३ मध्ये शेर्ली, ड्युकास, निएरस्त्राझ आणि ब्लॅक या चौघांनी 'ट्रेट्स' नावाने एक सुधारणा मांडली. दोघांकडे एकाच नावाचं काम असेल तर भाषेने गुपचूप कोणाला जिंकवायचं नाही, लिहिणाऱ्याला निवडायला लावायचं. मला हे फार पटलं. मी हाताने तेच केलं. एकाचं नाव 'लिंगरूप' ठेवलं, दुसऱ्याचं 'सामान्यरूप'. मांजर काळी झाली.

हे सगळं मी परीक्षकांना पत्र लिहून कळवलं. हो, खरंच लिहिलं. दोन पानी, नम्र भाषेत, मराठीत. ताटांची चळतही काढून दाखवली. एक शिक्षिका म्हणून विनंती केली, की मुलीचे मार्क वाढवू नका हवं तर, पण पुढच्या वर्षी कोणी पुस्तकाबाहेरचं उत्तर दिलं तर अर्धा मिनिट ऐकून घ्या. तीन आठवडे झाले, उत्तर नाही. त्यांना साठ मुलांची तोंडी एका दिवसात घ्यायची असते हे मला कळतं. मीही पेपरांचे गठ्ठे तपासले आहेत, आणि रात्री अकरानंतर मार्गदर्शिकेत नसलेलं उत्तर किती नकोसं वाटतं, ते मला कोणी सांगायला नको. पण त्यांची बाजू मी घेणार नाही. माझी स्वतःचीही घेत नाही.

काल रात्री नातीला म्हटलं, पुढच्या महिन्यात बाहेरचे परीक्षक येणार आहेत, तेव्हा त्यांना माझं 'सारखा'चं उदाहरण सांग. 'आईसारखा मुलगी' ऐकलं की कोणीही हसेल, आणि हसला की ऐकेल. तिने वहीतून मान वर केली नाही. म्हणाली, "आजी, मी डॉग आणि कॅट सांगणार आहे. मला मार्क हवेत."

मी तिला काहीच बोलले नाही. दिवा तिच्या बाजूला सरकवून दिला आणि आत आले.